फ्लेमिश फुलदाणीचा बघण्याचा कार्यक्रम

विकायची वस्तू आधी रंगवून घ्यावी लागते. उपनगरातला सगळा व्यवहार या एका तत्त्वावर उभा आहे. भाडेकरू येण्याआधी फ्लॅटला डिस्टेंपर, गिऱ्हाईक येण्याआधी स्कूटरला पॉलिश, पाहुणे येण्याआधी मुलीला फेशियल. (रंगाखाली ओल आहे का, हे विचारणं असभ्य समजलं जातं. ओल सगळ्यांकडेच असते.) भांडुपच्या घाडीगावकर कुटुंबाने हेच तत्त्व निष्ठेने पाळलं, त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांना दोष देता येत नाही.

चित्र त्यांच्या घरी आलं ते कपाटाची पाठ म्हणून. दत्ताराम घाडीगावकरांनी जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून एक कपाट आणलं होतं. पुढे वाळवीने कपाट खाल्लं, पाठीची फळी मात्र सोडली. (वाळवीलाही अभिरुची असते, किंवा नसते. घरात यावर एकमत नाही.) फळी ओल्या फडक्याने पुसली तेव्हा काळोखातून एक फुलदाणी वर आली. तीत ट्यूलिप, गुलाब आणि नावं माहीत नसलेली बरीच फुलं. एका ट्यूलिपची मान कलंडलेली, दोन पाकळ्या खाली गळलेल्या. देठावर मुंगी, पानाआड सुरवंट, टेबलाच्या कडेला गोगलगाय आणि पांढऱ्या गुलाबावर एक माशी. दत्तारामांच्या पत्नी प्रेमाबाई म्हणाल्या, "फुलं शिळी आहेत." फळी हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आली.

तिचा उपयोग सापडला तो सुनेला. दीप्तीची अडीच वर्षांची रुचिरा जेवणाच्या बाबतीत एखाद्या जुन्या सरकारी खात्यासारखी होती. अर्ज कितीही करा, तोंड उघडत नसे. त्या चित्रासमोर ते उघडलं.

"मुंगी कुठंय?"

"ती काय!" एक घास.

सुरवंट लपलेला असल्याने त्याचे दोन घास व्हायचे. माशी शेवटी, दहीभाताला. वाटी रिकामी होण्याचं प्रमाण पुढीलप्रमाणे: मोबाइल दाखवल्यास निम्मं, रागावल्यास शून्य, चित्रासमोर पूर्ण (फरशीवर सांडलेलं वजा जाता). लेक जेवली की दीप्तीला स्वतःचा चहा गरम असताना पिता येई. लग्नानंतर हा अनुभव तिला नवीनच होता.

परंतु हॉलला भिंत एकच होती आणि दीप्तीचा नवरा नितेश याला तिथे पासष्ट इंची टीव्ही हवा होता. त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर चित्राचा फोटो टाकला: 'फुकट. स्वतः घेऊन जाणे.' उत्तरादाखल दोन नमस्कार आणि एक शुभ सकाळ आली. (शुभ सकाळीवरही फुलं होती. ती ताजी होती.) मग कुणीतरी तो फोटो पुढे ढकलला आणि घाटकोपरहून अल्पेशभाई आले. जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांनी भिंग काढलं, चित्रासमोर उकिडवे बसले आणि मुंगीपासून माशीपर्यंत सगळं तपासलं.

"नितेशभाई," शेवटी ते म्हणाले, "हे फ्लेमिश आहे. बेल्जियमच्या साइडचं. तीनेकशे वर्षं तर कुठेच नाय गेली. रविवारी पार्टी घेऊन येतो. तोपर्यंत कोणी हात नाय लावायचा."

या आदेशाची अंमलबजावणी तातडीने झाली. हात लावू शकेल अशी घरात एकच व्यक्ती होती, म्हणून रुचिराची खुर्ची स्वयंपाकघरात हलवण्यात आली आणि चित्रावर चादर पडली. त्या दुपारी वाटी भरलेली परत आली. रात्रीचीही.

"विकायलाच हवं का, आई?" दीप्तीने सासूला विचारलं. "ती त्याच्यासमोर जेवते हो."

"अगो, हे विकलं की धा चित्रां आण. प्रत्येकात माशी बघून घे."

"फोटो काढून ठेव ना यार," नितेश म्हणाला. "टीव्हीवर लावू. पासष्ट इंची माशी!"

दीप्तीने मोबाइलवर फोटो दाखवून पाहिला. रुचिराने तो बोटाने सरकवला आणि मागचं कार्टून शोधू लागली.

रविवारची तयारी रीतसर सुरू झाली. सोफ्याला नवं कव्हर, पंख्याची पाती साबणाने, पोह्यांसाठी ओला नारळ. शनिवारी दत्तारामांनी हॉलवर शेवटची नजर टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या घरात एकच वस्तू जुनाट दिसतेय आणि नेमकी तीच विकायची आहे.

खालच्या मजल्यावरच्या मिथुनला बोलावणं गेलं. मिथुन गणपती रंगवतो. सीझन नसल्याने तो मोकळा होता. हात लावायचा नाही या अटीवर घरात साधकबाधक चर्चा झाली; मिथुन हात लावणार नसून ब्रश लावणार आहे, हे सर्वांना पटलं.

ट्यूलिपची मान सरळ करण्यात आली. (मान खाली घालून बसायचे दिवस गेले, असं नितेशचं मत पडलं.) गळलेल्या पाकळ्या उचलल्या गेल्या. मागचा काळोख पडद्यांना मॅचिंग पिस्ता झाला. उरला प्रश्न चार जीवांचा. "पाहुणे येतले आणि फुलांवर किडे? लोक काय म्हणतील?" प्रेमाबाईंनी विचारलं. किड्यांच्या जागी लाल जास्वंदी आल्या.

दीप्ती भरलेली वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा मिथुन गुलाबापाशी होता.

"वहिनी, काय माशी काढलीय कुणी! खरीच वाटते, एकदम झकास."

"राहू दे ना रे तेवढी."

तोवर माशीवर पाकळी चढली होती.

रविवारी पार्टी आली. पार्टी म्हणजे पांढऱ्या शर्टातले एक शांत गृहस्थ. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि पाणी मागितलं. अल्पेशभाई आधी चित्राकडे, मग दत्तारामांकडे बघत राहिले आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आत बसले.

"हे... कोणी केलं?"

"आमच्या बिल्डिंगमधलाच मुलगा आहे," दत्ताराम संकोचाने म्हणाले. "पैसेसुद्धा घेतले नाहीत हो त्याने."

गृहस्थांनी पोहे संपवले (हे त्यांचं मोठेपण) आणि निघताना म्हणाले, "कळवतो."

दोन मुली उजवलेल्या घराला या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. नकाराची कारणं त्याच बैठकीत निश्चित झाली. प्रेमाबाईंच्या मते पोह्यांत मीठ कमी पडलं. नितेशच्या मते सध्या मार्केटच डाऊन आहे. दत्तारामांचं म्हणणं, कडेला थोडी सोनेरी बॉर्डर मारून घ्यायला हवी होती.

टीव्ही लांबला. चित्र भिंतीपाशी राहिलं, चादर निघाली, खुर्ची पुन्हा समोर आली.

"माशी कुठंय?" दीप्तीने सवयीने विचारलं आणि जीभ चावली. रुचिराने गुलाब शोधला, जास्वंदी शोधल्या, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग आईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

दीप्तीने वाटी खाली ठेवली. आतून काजळपेन्सिल आणली आणि तीनेकशे वर्षं जुन्या त्या फळीवर, सगळ्यात मोठ्या जास्वंदीच्या मधोमध, एक माशी काढली. पाय सहा जमले. पंख मात्र हेलिकॉप्टरचे झाले.

"ती काय!" रुचिरा ओरडली आणि तोंड उघडलं.

मागून प्रेमाबाई येऊन बघत होत्या. "बरा केलंस गो, तीट लावलंस ती," त्या म्हणाल्या. "कुणाची तरी दृष्टच लागली होती."

अल्पेशभाईंनी चित्राची किंमत किती सांगितली होती, हे या हकिगतीत कुठेही आलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही. (रुचिराने किती घास खाल्ले तेही दिलेलं नाही, पण त्याबद्दल अद्याप कुणाची तक्रार आलेली नाही.) आकडा पुढच्या परिच्छेदात येईल म्हणून जे इथवर वाचत आले, त्यांनी मिथुनचा नंबर घाडीगावकरांकडून घ्यावा. आपल्याही घरी रंगवून घेण्यासारखं काहीतरी असेलच.