हातपंपाची हवा

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास इद्रिस प्रोबर्टच्या, छऱ्याच्या बंदुकीत हवा भरायच्या, हातपंपाने चौथ्याच दट्ट्याला ‘फुस्स’ केले. इद्रिसने आधी स्वतःबद्दलच शंका घेतली, कारण एकोणसत्तराव्या वर्षी असे आवाज कुठूनही येऊ शकतात. पण आवाज पंपाचाच होता. पंपाची नळी बंदुकीला जिथे जोडतात, तिथून हवा निघून चालली होती. दाबाचा काटा जरासा चढायचा आणि पुन्हा शून्यावर येऊन बसायचा.

दुसऱ्या कुणाचा पंप गळला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण इद्रिसने चौतीस वर्षे गॅस कंपनीत गळत्या शोधण्याचे काम केले होते. हेरफर्डपासून थेट वेल्सच्या हद्दीपर्यंत त्याने साबणाचा फेस लावून पाहिला नाही अशी नळी नव्हती. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी हवेच्या बंदुकीचा वर्षातला शेवटचा सामना होता : त्याचा ‘स्पॉटेड गूज’ पब विरुद्ध गावाच्या खालच्या अंगाचा ‘प्लोमन्स रेस्ट’. सहा यार्डांवर लोखंडी पत्रा, पत्र्यात वाटाण्याएवढे भोक, भोकामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते आणि मग वर्षभर गावात मान वर करून फिरता येते.

‘रेस्ट’चा कप्तान हेडली प्रीस आपल्या बंदुकीत पाणबुडे पाठीवर बांधतात तसल्या मोठ्या लोखंडी बाटलीतून हवा भरायचा. नळी लावली, चावी फिरवली, झाले काम. इद्रिसला हे मुळीच पटत नसे. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या ग्लासानंतर, तो भर पबात उठून म्हणाला होता, “आयती हवा भरून नेम धरायचा म्हणजे विकतचा केक आणून घरी केला म्हणून मिरवायचं. मी मारीन तर माझ्या दंडाच्या हवेवर! ज्या दिवशी हेडलीच्या दारात हवा मागायला जाईन, त्या दिवशी बंदूक खुंटीला टांगीन.”

सगळ्यांत जोरात टाळ्या हेडलीने वाजवल्या होत्या. गाव असली वाक्ये विसरत नाही. लक्षात ठेवावे असे तिथे दुसरे काही घडतच नाही.

“ग्लेनिस! भांड्यांचा साबण कुठाय?”

“भांड्यांपाशी,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचे लाल देठ चिरत होती. गेला दीड महिना दर बुधवारी घरात रुबार्बचा ‘पाय’, म्हणजे आत गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, होत होता. त्यांच्या परसात रुबार्ब कधी धड आला नव्हता. पण ‘पाय’ समोर आल्यावर तो कुठून आला हे विचारणाऱ्यांतला इद्रिस नव्हता.

त्याने जोडावर फेस लावला, दोन दट्टे मारले. बेडकाच्या गळ्यासारखा टम्म फुगा आला.

“सापडली!” तो ओरडला. “दीड मिनिटात! अजून हात गेला नाही माझा.”

“आत हवा अडवणारी रबरी कडी असते ना रे? ती बघ आधी,” ग्लेनिस म्हणाली. ती हे सांगताना नवऱ्याकडे न पाहता देठांकडे पाहत होती.

“चौतीस वर्षं मी या धंद्यात काढली, ग्लेनिस.”

“हो, आणि चौतीस वर्षं आपला बाथरूमचा नळ टपकतोय.”

इद्रिसने कडी पाहिली नाही. आटे दिसले की पांढरी टेप गुंडाळायची आणि पान्याने पिळायचे, हे त्याच्या बोटांना डोक्याच्या आधी सुचत असे. त्याने टेपचे नऊ वेढे घातले आणि नट असा पिळला की पान्यालाच घाम फुटावा. मग दट्टा मारला. आधी ‘फुस्स’ होते, आता ‘फीऽऽऽ’ झाले. टेपचा एक तुकडा आत जाऊन दाब सोडायच्या स्क्रूखाली अडकला होता आणि आता दोन ठिकाणांहून हवा जात होती.

“सूर बदलला,” ग्लेनिस म्हणाली. “प्रगती आहे.”

दोन गळत्या म्हणजे फेसाचे काम नव्हे, बुडवूनच पाहायला हवे. इद्रिस पंप घेऊन वरच्या बाथरूममध्ये गेला. टबात खिडक्यांचे जाळीचे पडदे भिजत होते. त्याने नळी पडद्यांखाली सारली आणि सगळे वजन टाकून दट्टा दाबला. नळी सापासारखी उसळली, टबाबाहेर आली, येताना एक पडदा घेऊन आली आणि तो ओला पडदा इद्रिसच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत उतरला.

ग्लेनिस दारात येऊन उभी राहिली. तिने त्याला नखशिखांत पाहून घेतले.

“लग्नात मी अशीच दिसत होते,” ती म्हणाली. “फक्त माझ्या हातात पंप नव्हता.”

आता नळीत पाणी शिरले. ओली नळी बंदुकीला जोडली तर आतून गंज धरतो, त्यामुळे गुरुवारचा सबंध दिवस बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने नळी वाळवण्यात गेला. संध्याकाळी नळी कोरडी झाली आणि यंत्र जळाले. शुक्रवारी सकाळी पुन्हा टेप, पुन्हा पाना, पुन्हा ‘फीऽऽऽ’.

दुपारी दोनला इद्रिसने बंदूक ब्लँकेटमध्ये गुंडाळली.

“कुठे निघालास?”

“पाय मोकळे करायला.”

“ब्लँकेट घेऊन?”

इद्रिसने बाहेरून दार ओढून घेतले. चर्चच्या मागच्या गल्लीने तो हेडलीच्या शेडपाशी गेला. दार वाजवण्याआधी तो तिथे बराच वेळ उभा राहिला. सामना सोडला तर ‘गूज’ची माणसे हरतील, हवा मागितली तर इद्रिस हरेल. शेवटी त्याने डोळे मिटून दार वाजवले.

हेडलीने दार उघडले, इद्रिसला पाहिले आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

“तुला कळलं तर,” हेडली म्हणाला.

“काय कळलं?” इद्रिस म्हणाला. मग दारातच, एका श्वासात, “हेडली, मला हवा पाहिजे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.”

हेडली हसला नाही. त्याने कोपऱ्यातल्या बाटलीकडे बोट दाखवले. बाटलीवर धूळ बसली होती.

“रिकामी आहे. तपासणीची तारीख उलटून गेली, आता कुणी भरून देत नाही. दीड महिना झाला.”

“मग दीड महिना तू हवा कुठून भरतोयस?”

हेडलीने बूट न्याहाळले. “मंगळवारी तू चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला जातोस ना, तासभर...”

इद्रिस आत शिरला. मग त्याची नजर टेबलावर गेली. तिथे बशीत एक नवी कोरी काळी रबरी कडी होती. शेजारी ग्रीसची डबी, आणि जमिनीवर टोपलीभर रुबार्ब.

“माझ्या पंपावर?” इद्रिस किंचाळला.

“कडी चिरली होती रे. म्हटलं, तुला कळायच्या आत बदलून टाकू, म्हणून मंगळवारी काढून आणली. बुधवारी दुकान दुपारीच बंद, काल मालक आजारी. आज मिळाली. ग्लेनिसला सांगितलं होतं, त्याला पंप उघडू देऊ नकोस म्हणून.”

“ती म्हणाली होती कडी बघ,” इद्रिस पुटपुटला. “पण ती कुणी नेली ते नाही सांगितलं. दोघांनाही दगा दिला नाही तिने.”

पाऊण तासाने दोघे इद्रिसच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसले होते. हेडली चिमट्याने टेप सोलत होता. “लेका, ही कडीनं बंद होणारी जोडणी आहे. इथे टेप कोण लावतं?”

“गॅसवाले लावतात.”

स्क्रूखालचा तुकडा निघाला. कडीला ग्रीसचे बोट लागले, कडी खाचेत बसली, नट नुसत्या बोटांनी फिरवला. फेस लावला. एक बुडबुडा नाही.

इद्रिसने आपली बंदूक ऐंशी दट्ट्यांत भरली. मग हेडली आपली बंदूक घेऊन पंपापाशी आला आणि तिसाव्या दट्ट्याला छाती धरून खुर्चीत बसला.

“राहू दे,” तो म्हणाला. “एवढ्या हवेवर मारीन मी.”

“अर्ध्या हवेवर जिंकलेलं मला नको,” इद्रिस म्हणाला आणि उरलेले पन्नास दट्टे त्यानेच मारले. ग्लेनिसने दोघांना ‘पाय’चा एकेक तुकडा दिला. बाहेर कुणाला काही सांगायचे नाही, असे ठरले.

संध्याकाळी ‘स्पॉटेड गूज’ गच्च भरला होता. दोन्ही पब बरोबरीत आले आणि शेवटी हेडली आणि इद्रिस हे दोन कप्तान उरले. हेडलीने सहापैकी पाच वेळा घंटा वाजवली. इद्रिसने पाचांपैकी चार. सहाव्या छऱ्याला वाजली असती तर बरोबरी होती. पण एकशे तीस दट्टे मारलेले दंड आता जेलीसारखे थरथरत होते. त्याने श्वास रोखला, चाप ओढला. ‘टक्.’ छर्रा भोकाच्या कडेला लागला. घंटा गप्प राहिली.

‘गूज’ची मालकीण ओल्वेन काउंटरमागून बाहेर आली आणि तिने इद्रिसच्या खांद्यावर हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नकोस, इद्रिस. तुझा नेम चांगलाय. हवेत फरक पडतो. बाटलीची हवा ती बाटलीची हवा, पंपाला ती सर येत नाही.”

“तेच म्हणतोय मी तीन वर्षं!” मागून कुणीतरी ओरडले.

इद्रिसने तोंड उघडले. मग त्याच्या लक्षात आले की खरे सांगायचे तर दुपारी दोनला तो कुठे गेला होता, तेही सांगावे लागेल. त्याने तोंड मिटले.

तोवर ओल्वेनने वर्गणीसाठी टोपी फिरवायला घेतली होती. इद्रिसला हवेची बाटली घेऊन द्यायची, असे एकमताने ठरले. ‘रेस्ट’च्या लोकांनीसुद्धा पैसे टाकले. त्या विषयातला जाणकार म्हणून दोन शब्द बोलायला हेडलीला उभे केले. हेडली बाटलीच्या हवेबद्दल फार मनापासून बोलला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात, दुसरा इलाज नसल्याने, इद्रिसने वाजवल्या.

भाषण संपवून हेडली इद्रिसच्या शेजारी येऊन बसला आणि कानाशी वाकला.

“गड्या, मग आता तो पंप तुला लागणार नाही ना?”

इद्रिसने उत्तरासाठी बायकोकडे पाहिले. ग्लेनिस विणकामातून मान वर न काढता म्हणाली, “मंगळवारीच ये. आणि रुबार्ब पुरे झाला आता, स्ट्रॉबेरी आण.”