सुमनबाई आणि आतली मंडळी

सुमनबाईंच्या घरी जायचं तर मोबाईल बाहेर खिडकीत ठेवावा लागतो. "आतली मंडळी म्हातारी आहेत," बाई सांगतात. "त्यांच्यासमोर मिरवू नये."

आतली मंडळी म्हणजे अकरा जुने कॉम्प्युटर. श्रीरामपुरात बाईंचं घर माझ्या घराला लागून आहे. पुढच्या खोलीत पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आधी टाईपरायटर, मग कॉम्प्युटर. मीही तिथेच शिकलो. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि क्लास बंद पडला. बाकं गेली, पण मशीनं बाईंनी ठेवली. नुसती ठेवली नाहीत, वाढवत नेली. पाठीला पोक आलेले जाडजूड मॉनिटर, पिवळे पडलेले कीबोर्ड, आणि प्रत्येकावर जुन्या साडीचं शिवलेलं झाकण.

रोज एकेकाला उठवायचं असा नेम. त्यातल्या एकाला चालू व्हायला चार मिनिटं लागतात. तोवर बाई त्याच्यासमोर स्टुलावर हात बांधून बसतात. मी एकदा म्हणालो, "बाई, नवीन घ्या की. लगेच चालू होतो."

"तुला उठवायला तुझी बायको रोज किती हाका मारते ते मला भिंतीतून ऐकू येतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला काही बोलू नकोस."

गावातला भंगारवाला त्यांना फोन करतो. "बाई, एक डबा आलाय. जिता हाय का मेला, तुमीच बघा." बाई पिशवीत टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घालून निघतात. जिता निघाला तर रिक्षात मांडीवर घेऊन येतात. मेला असेल तर त्याचे चांगले भाग काढून आणतात आणि दुसऱ्या कोणाला तरी बसवतात.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र बाईंना दयामाया नाही. आमच्या गल्लीतली लग्नपत्रिका आधी त्यांच्याकडे जाते आणि लाल खुणांसकट परत येते. माझ्या पुतणीच्या पत्रिकेवर लिहिलं होतं, "लग्नाला नक्की येईन. 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ करा." पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या. बाईंनी आमच्या ओसरीवर बसून दोनशे पत्रिकांवर पेनाने शी दीर्घ केली आणि मगच चहा घेतला.

गेल्या हिवाळ्यात पुणतांब्याहून हिराबाई नावाच्या एक शेतकरी बाई आल्या. रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी त्यांनी पुढे केली. त्यांचा मुलगा दत्ता सुमनबाईंच्या क्लासला होता. क्लास संपल्यावर दोनच वर्षांत मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याची पेटी इतक्या वर्षांनी उघडली, तर त्यात ही सापडली.

"लई दुकानं हिंडले," हिराबाई म्हणाल्या. "समदे म्हनले, ही आता चालत न्हाई. माझ्या पोराचं काय हाय ह्याच्यात, तेवढं बघा. मला वाचाया येत न्हाई."

मी तेव्हा तिथेच होतो. बाईंनी आठ दिवसांची मुदत मागितली. चार मशीनांवर फ्लॉपी लावून पाहिली, स्पिरिटने साफसफाई केली. शेवटी ती एकावर उघडली. हिराबाईंना निरोप गेला, आणि बाईंनी मलाही बोलावून घेतलं.

फ्लॉपीत एकच फाईल होती. ज्या मशीनमध्ये तेव्हाची मराठी अक्षरं होती ते केव्हाच गेलं होतं, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. पण कुठल्या कळीवर कुठलं मराठी अक्षर, हे बाईंना पाठ. त्यांनी शिकवलं म्हणून थोडंफार मलाही येतं.

मी मनातल्या मनात जुळवू लागलो. मा. मुख्याध्यापक यांस. मी आजारी असल्यामुळे दोन दिवस. सरावासाठी बाई आम्हा सगळ्यांना घालायच्या तोच रजेचा अर्ज होता. खाली दत्ताचं नाव. वेलांट्या सगळ्या ऱ्हस्व.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

"ती. आईस साष्टांग नमस्कार. क्लास सुटायला उशीर होतो. तू फाट्यावर येऊन उभी राहू नकोस. थंडीने तुझे गुडघे दुखतात. मी शेवटच्या एसटीने येतो. माझी भाकरी झाकून ठेव आणि तू जेवून घे."

हिराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "असंच म्हनायचा त्यो. पर मला वाचाया येत न्हाई, हे ठावं हुतं की त्याला."

"सरावाला पत्र लिहा म्हटलं की मुलं आईलाच लिहितात," बाई म्हणाल्या. "परत वाचू?"

तीनदा वाचलं. शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

हिराबाई फ्लॉपी बाईंकडेच ठेवून गेल्या. मग बाईच म्हणाल्या, "तुला येतं वाचायला, माहीत आहे मला. एकटीने वाचायचा धीर झाला नाही, म्हणून तुला बोलावलं." मशीनवर झाकण घालत म्हणाल्या, "दत्ता दाराजवळच्या मशीनवर बसायचा. सारखा घड्याळ बघायचा. मी ओरडले, तर म्हणाला, आई फाट्यावर येऊन उभी राहते, तिचे गुडघे दुखतात. बोलला होता रे तो. मी अर्जच टाईप करायला लावला."

महिन्याने हिराबाई पुन्हा पत्र ऐकायला आल्या. बाईंनी फ्लॉपी लावली, तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं. अर्जाच्या खाली आता पत्रही होतं. बाईंनी ते फ्लॉपीत घालून ठेवलं होतं, पुढे कोणी उघडलीच तर असावं म्हणून. मी वाचून पाहिलं. वेलांट्या सगळ्या ऱ्हस्व होत्या.

आता हिराबाई दर बाजाराच्या दिवशी येतात. परवा मी डोकावलो, तर मशीनवर झाकण होतं. दोघी खाली चटईवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या घरात कॉम्प्युटर आणि शुद्धलेखन सोडून दुसऱ्या कशासाठी कोणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दत्ताला कुठली भाजी आवडायची?" बाई विचारत होत्या.

हिराबाई सांगू लागल्या, आणि बाईंनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.