बुडालेल्या गावावरची सहल

आमच्या शेजारचे व्यंकटमामा नळावर बोलू लागले की अख्खी कॉलनी जागी व्हायची. हाच माणूस होडीत बसला की कुजबुजायचा, आणि आपल्यालाही गप्प करायचा. "हळू बोला, ताई. खाली लोकं झोपून राहिले."

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही लोह्याहून इथं आलो. सामान अजून पोत्यात होतं, तोच मामा दारात हजर. "जहाजात बसल्याबिगर मानूस लातूरचा होत न्हाई!"

मामांचं जहाज म्हणजे धरणावरच्या एका मासेमाराची पत्र्याची होडी. पण थाट विलायतेला निघाल्याचा. पिशवीत चिवडा, मळमळीवर लिंबू, मामींच्या डोक्यावर छत्री. अट एकच. "लेकरू पायजे. लेकरू न्हाई तर सहल न्हाई." आमची चिंगी चार वर्षांची होती, म्हणून आमचा नंबर लगेच लागला.

धरणाच्या मधोमध मामांनी हात वर केला. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. 

"हे आमचं गाव," मामा पाण्याकडं बघत कुजबुजले. "ही गिरणी. हा मारुती. आता मुंडकी खाली घ्या, लिंबाची फांदी लागंल!"

आम्ही सगळे वाकलो. वर नुसतं आभाळ होतं. झाड होतं ते खाली, पाण्यात. मला हसू फुटलं, पण मामी खरोखरच पदर सावरून वाकल्या होत्या. ते पाहून हसू घशातच राहिलं.

मग मामा चिंगीला म्हणाले, "हात घाल बाळा पान्यात. जरा हलव."

चिंगीनं हात घातला आणि खुदकन हसली. "आई, खालून कुणीतरी बोट धरलं!"

मी तिचा हात हिसकून बाहेर काढला. मामांचा चेहरा मात्र सणासारखा उजळला होता. घरी येऊन मी ह्यांना बजावलं, पुन्हा त्या माणसाच्या नादी लागायचं नाही. माणूस येडा असला तर असो, माझं लेकरू घाबरायला नको. खरं तर घाबरले होते मी.

पुढं दुष्काळ पडला. नळ आटले, टँकर आले, धरण तळाला गेलं आणि बुडालेलं गाव वर आलं. लोक जत्रेसारखे बघायला जाऊ लागले. मामा तेवढे गेले नाहीत. त्यांचा आवाजच बसला. एक दिवस मामी दारात आल्या. "चिंगीला घेऊन चलता का, ताई? न्हाई म्हनू नका." त्यांच्याकडं बघून मला नाही म्हणवेना.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. मामा अजूनही कुजबुजतच होते. वठलेल्या कडुलिंबापाशी ते वाकले. ह्या वेळी फांदी खरोखरच डोक्याशी होती.

पडक्या घरामागं दगडांचा छोटा ढीग होता. मामींनी कळशी टेकवली. टँकरचं पाणी, त्यांच्या पिण्याच्या वाट्याचं. मामांनी ते ओंजळीनं दगडांवर शिंपलं.

"आमची कमळी. चिंगीएवढीच होती. गोवरानं गेली. लहान लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. गाव उठलं तवा देव हलवले, चौकटी हलवल्या. हिला कसं हलवावं? पानी होतं तवर गार निजली होती. आता ऊन लागून राहिलं."

"मग सहलीला लेकरू..."

"मोठ्या मानसांशी काय बोलंल ती?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. चिंगी मात्र कधीच पळाली होती. पाणी हटलं तशी ती पत्र्याची होडी तिथंच गाळात टेकली होती. चिंगी आत चढून बसली, आणि मग एका बाजूला सरकली. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "तू इथं बस."

मामा-मामी जागच्या जागी थिजले. दोघंही माझ्याकडं बघत होते. मी लेकरू ओढून काढते की काय, हीच त्यांना भीती.

मी होडीला हात लावला आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, "नीट धरून बसा गं, दोघी."