आठ विसा पापड

अहमदपुरातला सर्वांत तल्लख गुप्तहेर आपणच, हे मृत्युंजयनं स्वतःच ठरवलं होतं. दुसरं कोणी ठरवायला तयार नव्हतं. मागं त्यानं तलाठ्याचा चष्मा तीन दिवस शोधला. तो तलाठ्याच्या कपाळावर होता. तरी 'माझी नजर म्हणजे तराजू' हे त्याचं पालुपद. उमादेवीनं त्या तराजूबरोबर छत्तीस वर्षं संसार रेटला होता.

त्या दिवशी तो नांदेडला भाच्याच्या पापड कारखान्यात सकाळभर बसून एसटीनं परतला. तिथं हजारो पापड वाळत पडलेले. घरी येताच उमादेवीनं पापड वाळत घातलेल्या गच्चीवर चढला आणि ओरडला, "चोरी! निम्मे पापड गेले!"

"आवं, मोजा तर," उमादेवी म्हणाली.

"मोजतो तो कारकून. मी बघतो!"

आधी त्यानं कावळ्यांवर संशय घेतला, मग वाऱ्यावर. तेवढ्यात भिंतीवर कोळशाच्या आठ रेघा दिसल्या. "आठ जणांची टोळी! सकाळपासून इथं कोण होतं?"

"म्याच की," जिन्यातून शेजारची बेगमबी म्हणाली. "मला चोर म्हणून राहिलात का भाऊजी?" तिनं लाटणं काखेत मारलं. "उमा, उद्या माझ्याकडं लाटाया येऊ नको."

दोघी नव्या सुना होत्या तेव्हापासून आज हिचे पापड, उद्या तिचे. एकही उन्हाळा चुकला नव्हता. उमादेवी फतकल मारून बसली आणि सगळे पापड मोजले. बरोबर आठ विसा, म्हणजे एकशेसाठ.

"विसाला एक रेघ. बेगमबीनंच मारल्यात. टोळी म्हणे!"

"मग मला कमी कसे दिसले?"

"सकाळभर ढीग बघून डोळे सोकावले तुमचे. लग्नाच्या मांडवातून आलं की घर रिकामं वाटतं, तसं."

"छट्! माझी नजर फसत न्हाई."

"हाव का?" बेगमबीनं ताटलीत दोन पापड ठेवले. "मग ह्यांच्यावर पाळत ठेवा. डोळा हलवायचा न्हाई."

गुप्तहेर तासभर त्या दोन पापडांवर डोळे रोखून बसला. मग मान वर केली आणि ताडकन उठला. "उमे! कुणीतरी जास्तीचे पापड आणून टाकलेत!"

बेगमबीनं तोंडावर पदर दाबला, पण हसू काही दबेना.

"उमा, उद्या लवकर ये गं," ती म्हणाली. "भाऊजींना तेवढं घरीच ठेव."