आबांचा डावा पाय

आबांच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरून सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करत होता?"

"एस.टी.वर ड्रायव्हर."

"तरीच. उजवा गुडघा अजून नवरदेवासारखा आहे. डावा मात्र क्लचनं खाऊन टाकला. आता दर पंधरवड्याला शेकायला यायचं, आणि एस.टी.च्या पायऱ्या चढायच्या नाहीत."

झालं. ज्या माणसानं हयातभर सातारा-सांगली गाडी हाकली, त्यालाच एस.टी.त चढायची बंदी. शिटं कोंबून धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गुडघा मुडपत नव्हता आणि मोटरसायकलवर टांग पडत नव्हती. बँकेत नोकरी करणारा मुलगा कपिल पुण्याहून धावत आला आणि त्यानं निकाल देऊन टाकला, "आता गाव बास. दोघंबी पुण्याला चला. दवाखाना कोपऱ्यावरच हाय."

आबांच्या बायकोनं, आक्काताईंनी, पुण्याचा धसका घेतला होता. मागे एकदा त्या कपिलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर राहून आल्या होत्या. बोलायला म्हणून शेजारणीचं दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "काय पाहिजे?" काय पाहिजे म्हणजे? बोलायला पाहिजे. पलूसजवळच्या त्यांच्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे आक्काताई नुसत्या वासावरून सांगायच्या, आणि कुणाशी कुणाचं बिनसलंय हे वासाशिवाय. अशा बाईला तिसऱ्या मजल्यावर ठेवणं म्हणजे मासोळी शिंक्यावर ठेवणं.

"क्लच नसल्याली गाडी असती म्हणं," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टरच सांगत हुते. ह्यास्नी तसली एक बारकी घिऊ. जुनी बगायची. आपलं आपण सांगलीला जाऊ, आपलं आपण येऊ."

कपिलनं बराच वेळ डोकं खाजवलं. "बरं. पर आबांनी माझ्या म्होरं नीट चालवून दावायची. न्हाई जमलं तर पुणं. मग कुरकुर करायची न्हाई."

"ह्याला मी गाडी चालवून दावायची," आबा छताकडे बघत म्हणाले. "ह्याच्या बारशाला मी डबल ड्युटी करून आल्तो."

सांगलीत मानसिंग नावाचा एजंट जुन्या गाड्या विकायचा. विकताना तो गाडीची नाही, गाडीच्या आधीच्या मालकाची तारीफ करायचा. पहिली दाखवलेली गाडी एका बिल्डरची होती. आबांनी जमिनीवर बसून तिच्या पोटाखाली बघितलं, चाकांवर पान्हा मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही कुठंतरी जोरात धडाकल्याली हाय." मानसिंग म्हणाला, "मालक लय देवमाणूस." आबा म्हणाले, "देवमाणूस झाडाव गेलाय."

दुसरी गाडी पांढरी, बुटकी, माळावरच्या एखाद्या सशासारखी. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी फक्त घर ते दवाखाना एवढीच चालवलेली. मानसिंगनं आरशाला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या.

"ते सोड," आबा म्हणाले. "आमच्यात चालत न्हाई. आन् म्होरचं दिसत बी न्हाई."

मानसिंगनं लिंबू खिशात टाकलं आणि दार उघडलं. "ह्या गाडीला गिअर न्हाईत बगा, आबा. म्हंजे हायत, पर तिचं तीच टाकती. किल्ली फिरवायची. ही दांडी. हितं वर असली की गाडी पाय रोवून हुबी, खाली वढली की चालली. बाकी सगळं तीच करती."

"मग मी काय करायचं?"

"तुमी नुसतं बसायचं."

"ते तर मी घरी बी बसतोय," आबा म्हणाले.

आबा बसले. शेजारी मानसिंग, मागे आक्काताई आणि कपिल. आबांनी किल्ली फिरवली, दांडी ओढली, स्टिअरिंगला दोन्ही हात लावले, आणि थांबले. गाडी पुढे सरकायला बघतेय आणि आबा ब्रेक दाबून समोर बघत बसलेत.

"काय झालं?" मानसिंग म्हणाला.

कपिल घड्याळ बघायला लागला. आक्काताईंना मात्र सगळं कळलं. त्यांनी हातातल्या पाटलीनं खिडकीच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. टिंग टिंग. आबांनी ब्रेक सोडला आणि गाडी निघाली.

"डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई, हे अंगात मुरलंय त्यांच्या," आक्काताई मानसिंगला म्हणाल्या. "तेवढं सोडलं तर हात लय चांगलाय."

हात चांगला होता, पण पाय आडवा आला. चौक ओलांडून आबांनी जरा वेग घेतला आणि त्यांच्या मनाला वाटलं, आता दुसरा गिअर. डावा पाय सवयीनं उचलला आणि होता नव्हता तो जोर लावून क्लचवर हाणला. क्लच तिथे नव्हताच. तिथे ब्रेक होता. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मानसिंगचं कपाळ पुढच्या काचेला जाऊन भेटलं.

"आबा, डावा पाय वापरायचा न्हाई."

"वापरला न्हाई. त्यो गेला."

पुढच्या वळणावर तो परत गेला. मग तिसऱ्या गिअरला गेला. मानसिंगच्या कपाळावर खिशातल्या लिंबाएवढं टेंगूळ आलं. शेवटी कपिल खाली उतरला आणि आबांच्याच खांद्यावरच्या पंच्यानं त्यानं त्यांचा डावा पाय घोट्यापाशी सीटच्या लोखंडाला करकचून बांधला. "आता बगू कसा जातोय."

आता मात्र गाडी पाण्यासारखी चालली. आबांचा चेहरा उजळला. माधवनगर गेलं, मानसिंग म्हणाला आता वळवा, आबा म्हणाले वळवतो की, आणि तेवढ्यात फाट्यावर एका बाईनं हात केला. आबांनी गाडी बाजूला घेऊन अलगद उभी केली.

"पलूस?" बाईनं विचारलं. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीत झाकलेल्या कोंबड्या.

"बसा," आबा म्हणाले.

"आबा, ही एस.टी. न्हाई," कपिल म्हणाला.

"मला कळतंय. पर हात केला न्हवं तिनं? हात केल्यालं माणूस सोडून मी कवा गेलोय?"

बाईचं नाव बनुबाई. ती पाटीसकट कपिलच्या अंगावर बसली. पुढच्या फाट्यावर कोंडीबा नावाचे एक म्हातारबा पेंडीचं पोतं घेऊन उभे होते. त्यांनी हातसुद्धा केला नव्हता, नुसतं डोकं खाजवत होते. आबांना तेवढं पुरलं. पोतं मानसिंगच्या पायाशी आणि कोंडीबा मानसिंगच्या मांडीवर.

"आबा, माझं दुकान सांगलीत ऱ्हायलं," पोत्यामागून मानसिंगचा आवाज आला. "आता तरी वळवा."

"शिटं भरल्यावर वळवायची कशी? मानसं पलूसला निघालीत."

आक्काताई कपिलवर डोळा ठेवून होत्या. कोंबडीचं एक पीस त्यांच्या नाकाशी तरंगत होतं, तरी त्यांनी हात हलवला नाही. कपिलच्या कपाळावर एकेक आठी चढत होती आणि प्रत्येक आठीबरोबर पुण्याचा तिसरा मजला जवळ येत होता. पण गाडी नीट चालली होती हे त्यालाही नाही म्हणता येत नव्हतं. पलूसपर्यंत अशीच गेली, की घरच्या म्हशी वाचल्या, शेजार वाचला.

पलूसच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं आणि ते पडलेलं होतं. गळिताचे दिवस. मागे उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे बैलगाड्या, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावरून नेमकी सातारा गाडी येऊन आबांच्या मागे उभी राहिली. मानसिंगच्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. तो कोंडीबांना उचलून खाली उतरला आणि फाटकाखालून वाकून पलीकडच्या टपरीवर चहाला गेला. आबांनीही दांडी वर सारली, गाडी बंद केली आणि रिवाजाप्रमाणे पाय मोकळे करायला दार उघडून झोकात खाली उतरले.

म्हणजे अर्धे उतरले. डावा पाय सीटला बांधलेला होता. पाय आत, डोकं बाहेर, टोपी रुळाकडे, अशा अवस्थेत आबा दारातून लोंबकळत राहिले. एवढ्यात सातारा गाडीच्या खिडकीतून तिचा ड्रायव्हर अर्जुना डोकावला. त्याला स्टिअरिंग धरायला आबांनीच शिकवलेलं.

"जयभीम आबा," अर्जुना म्हणाला. "खाली काय बगताय? क्लच जाम झाला व्हय?"

"जयभीम," आबा उलट्या तोंडानं म्हणाले. "बगतोय जरा."

कपिलनं आणि कोंडीबांनी पंचा सोडून आबांना मानसिंगच्या जागेवर नेऊन बसवलं. डावा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. रेल्वे गेली, फाटक उघडलं, आणि मागून अशी काही बोंब उठली की बनुबाईच्या कोंबड्याही पाटीत ओरडायला लागल्या.

"कपिल, हाण की," आक्काताई म्हणाल्या.

"आई, मला स्कूटर येती."

"मग ढकल."

कपिल, कोंडीबा, अर्जुना आणि उसाच्या ट्रॅक्टरवरचे दोघं गाडीला भिडले. गाडी तसूभर हलली नाही. पार सातारा गाडीतली माणसं उतरली, एकानं बैल जुंपायचं सुचवलं. कपिलनं घाम पुसला आणि आईकडे न बघता म्हणाला, "बास झालं. गाडी परत द्यायची. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला."

आक्काताईंनी पदर खोचला. मागचं दार उघडलं, गाडीला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसल्या. डावा पाय वापरायचा नाही एवढंच मानसिंगनं सांगितलं होतं, ठेवायचा कुठे ते नाही, म्हणून भाकरी थापायला बसतात तसा तो मुडपून बुडाखाली घेतला. तिथून तो कुठेही जाण्यासारखा नव्हता.

"आगं ए," आबा म्हणाले. "तू काय सायकल तरी चालवलीयास का कवा?"

"न्हाई. म्हनूनच बसलीया."

त्यांनी आबांचं बघितलं होतं तसा उजव्या पायानं ब्रेक दाबून किल्ली फिरवली, दांडी खाली ओढली आणि पाय उचलला. बाकी मानसिंग म्हणाला होता तसं सगळं गाडीनंच केलं. ढकलणारे लोक तोंडावर पडता पडता वाचले. आक्काताई रूळ ओलांडून पलीकडे गेल्या. कपिल पळत येऊन मागच्या दारातून आत पडला, कोंडीबा त्याच्यावर पडले. टपरीपाशी मानसिंग चहाचा कप हातात धरून उभा होता. आपली गाडी जाताना बघून तो कपासकट निघाला आणि खिडकीला हात लावून बरोबर चालायला लागला.

"मावशी, उजव्या पायानं जरा दाबा. पळंल."

"कशाला पळवू? तू चालतोयस न्हवं बरूबर."

"मला आत घ्या की."

"शिटं भरल्यात," आबा कण्हत म्हणाले.

पलूसपर्यंतचा तो सगळा रस्ता आक्काताईंनी मानसिंगच्या पावलानं काटला. मागे सातारा गाडी, तिच्या मागे सगळा कारखान्याचा ऊस. त्या दिवशी गाळप थांबलं असं लोक अजून सांगतात. खोटं असेल, पण फार नसेल. वाटेत आक्काताई दोन ओळखीच्या बायकांशी बोलल्यासुद्धा. बोलणं पुरं होईपर्यंत बाया खिडकीशेजारी चालत राहिल्या. स्टँडपाशी त्यांनी उजवा पाय ब्रेकवर टेकवला. गाडी थांबली. कुणाचंही कपाळ कुठे लागलं नाही.

"कपिल," त्या मागे न वळता म्हणाल्या, "चालवून दाव म्हनलास. दावली."

"मी आबांना म्हनलो हुतो."

"आबांनी दावली काय, मी दावली काय? गाडी घरात आली म्हंजे झालं."

कपिलनं आबांकडे बघितलं. आबा गुडघ्याकडे बघत होते. तसंच बघत ते म्हणाले, "वळनाव हात जरा उशिरा देती. पर सुदरंल."

गाडी घरी आली, आणि आक्काताईंच्या लायसनच्या परीक्षेला साहेबानं मैदानात आठचा आकडा काढायला लावला. आक्काताईंनी काढला, पण इतक्या सावकाश, की साहेब मधे जाऊन चहा पिऊन आला आणि त्या अजून वरच्या गोलातच होत्या. चूक मात्र एक नाही. त्यानं सही केली.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी भर दुपारी पुण्यात कपिलच्या दाराची घंटा वाजली. त्यानं दार उघडलं तर आक्काताई आणि आबा उभे. शेकून शेकून आबांचा गुडघा पायऱ्यांपुरता वळायला लागला होता, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून दोघंही धापा टाकत होते. कपिलला भरून आलं. शेवटी आई-वडलांना कळलं म्हणायचं.

"माया, आई-आबा आले," त्यानं बायकोला हाक मारली. "आतली खोली मोकळी कर." मग आबांना म्हणाला, "आदी कळवायचं न्हाई का? कशानं आला?"

"गाडीनं. खंबाटकीच्या घाटात मी सांगत हुतो, तशी हिनं मारली."

"घाटात ह्ये घोरत हुतं," आक्काताई म्हणाल्या.

कपिल त्यांच्या पाठीमागे जिन्यात वाकून बघायला लागला. "आन् सामान? बॅगा खालीच ठिवल्या का?"

"बॅगा कशाला?" आक्काताईंनी चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. "जेवायला आलोय. पानं घ्या बिगीनं, लगेच निघायचंय. म्हशी शेजारच्या रंगूबाईव टाकून आलोय, आन् उशीर झाला की ती दुधात पाणी घालती."