ईशबेलचा नवरा

आमच्या तळ्यावरच्या ऑस्प्रेंबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा! मासे मारणाऱ्या या पक्ष्यांची जोडपी आफ्रिकेतून वेगवेगळी उडत येतात आणि एप्रिलात आपल्या जुन्याच घरट्यात भेटतात. अंडी चोरणारे टपलेले असतात, म्हणून आम्ही गावकरी टेकडीवरच्या खोपटातून पाळीपाळीने पहारा देतो. वर मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे मी वॉकी-टॉकीवर बातमी देते आणि खाली गावात बेकरी चालवणारी नान ती सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवते. दुर्बिणीतून गावही छान दिसतं, तेव्हा मधूनमधून मी गावाचीही खबर देते. तेवढीच समाजसेवा!

पक्ष्यांच्या पायातल्या कड्यांवर आकडे असतात. माझ्या मेले लक्षात राहत नाहीत. आमच्या घरट्यातली मादी भुकेली की अशी कोकलायची, की मला आमच्या पोस्टातली ईशबेलच आठवली. ठेवलं तेच नाव! हे खाली सांगायचं मात्र राहून गेलं. खऱ्या ईशबेलचा नवरा रॉडी समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, हेलिकॉप्टरने येतो-जातो, महिना महिना घरी नसतो, हेही तेव्हा सुचलं नाही.

यंदा नराला फार उशीर झाला.

“नान, ईशबेलचा नवरा अजून आला नाही गं!”

“धुक्यात हेलिकॉप्टर अडकलं असेल,” नान म्हणाली. मला वाटलं, थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी मी किंचाळलेच. “नान! दुसराच आलाय! मासा घेऊन! आणि तिने घेतला की!”

“मासा घेऊन? म्हणजे डगी?”

“नावं कसली विचारतेस! खेटून बसलेत दोघं. भर दिवसा!”

डगी म्हणजे दारोदार गाडीतून मासे विकणारा आमचा गरीब, बोबडा डगी. त्या आठवड्यात एकाही बाईने त्याच्याकडून मासा घेतला नाही! मला मात्र कशाचा पत्ता नव्हता. घरट्यात एक अंडं आलं होतं ना! जुना नर आता परतला तर परक्याचं अंडं ढकलून देईल का, या विचाराने मला जेवण गोड लागत नव्हतं.

एका सकाळी खोपटाचं दार धाडकन उघडलं. खांद्यावर बॅग घेऊन रॉडी उभा!

“कुठाय तो डगी?”

“इथे कशाला येईल डगी?”

“माझ्या ईशबेलला मासा देणारा कुठाय? तूच पाहिलंस म्हणे!”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी गुपचूप दुर्बीण पुढे सरकवली. “ती बघ... ईशबेल.”

रॉडीने डोळा लावला.

“हिला पंख आहेत.”

“हो रे बाबा!”

तेवढ्यात ढगांतून जुना नर सुसाट खाली आला! आल्या आल्या त्याने परक्याला पिटाळून लावलं आणि अंड्याकडे रोखून बघत बसला.

“ढकलून देईल का गं, नेटा?”

“कुणास ठाऊक! तू आधी घरी जा. तिला सांग सगळं.”

“जातो गं. एवढं बघू दे.”

कसला जातोय! माझा डबा खाल्ला, माझ्या घोंगडीत झोपला, दुसऱ्या दिवशीही हललाच नाही. शेवटी मीच नानला सगळं खरं सांगितलं. डगीचे मासे पुन्हा खपू लागले आणि धापा टाकत ईशबेल स्वतः टेकडी चढून आली.

“चुकलं गं माझं,” मी कोपऱ्यात अंग चोरून म्हणाले. “आजच नाव बदलते.”

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती रॉडीच्या पाठीकडे बघत होती. त्याने दुर्बिणीवरचा डोळाही काढला नाही.

“हळू!” तो आनंदाने कुजबुजला. “अंडं ढकललं नाही त्याने! ऊब देत बसलाय! ईशबेलचा नवरा घरी आला!”

“कुठल्या ईशबेलचा?” ईशबेलने विचारलं.