यावच्चंद्रदिवाकरौ जेवायला या

"चाललं! ताई, चाललं!" घाईराव खुर्चीतून असा उडाला, की टेबलावरचा चहा कीबोर्डात जाता जाता वाचला.

तसं त्याचं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात सगळे त्याला घाईरावच म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. लोकांनी आपल्या भेटीगाठी नोंदवाव्यात आणि पाहुण्यांच्या मोबाईलवर आपोआप निरोप जावा, असं एक कॅलेंडर ही चार टेबलांची कंपनी तयार करत होती. उद्या ते सगळ्यांसाठी खुलं व्हायचं होतं. त्यातलं 'पुन्हा पुन्हा' हे बटण घाईरावच्या वाट्याला आलेलं. एकदा नोंद करा, की ती रोज, दर सोमवारी, दर महिन्याला, हवी तशी परत येणार!

डेटाबेस सांभाळणाऱ्या ताईंनी सकाळीच बजावलं होतं, "हे बघ, 'रोज' एवढा नियम एकदाच लिहून ठेव. तारखा लागतील तशा काढता येतात. प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद करत बसू नकोस."

"ताई, तुम्ही फार विचार करता बुवा," असं म्हणून घाईरावने प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद होईल अशीच सोय केली होती. ती पटकन जमत होती ना!

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बाबांना बोलावलंस?"

घाईरावने ते कधीपासून पुढे ढकललं होतं. दोन वर्षांपूर्वी सासरे जेवायला आले, तेव्हा हा पठ्ठ्या ताटावर बसूनसुद्धा लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता. सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते अर्ध्या जेवणावरून उठले, "जावयाने स्वतः बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणाले, आणि जे गेले ते गेलेच.

"या रविवारी बाबा माझ्या घरी जेवले पाहिजेत," बायकोचा आवाज भरून आला होता. "दोन वर्षं झाली रे. मी आता काही एक ऐकणार नाही."

हेडमास्तरांना फोन करायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. घाईराव घामाघूम झाला. आणि मग त्याचे डोळे एकदम चमकले. अरे, समोर एवढं कॅलेंडर आहे की! बोलावणंही होईल आणि बटणाची तपासणीही. एका दगडात दोन पक्षी! त्याने पाहुणा म्हणून सासऱ्यांचा नंबर घातला, 'बाबा, जेवायला या. तुमचा जावई' असं लिहिलं, रविवारची तारीख टाकली आणि दाबलं बटण. आधीच्या तपासणीतलं 'रोज' तसंच राहिलं होतं, पण ते बघायला सवड कुणाला होती?

"गेला! निरोप गेला!" घाईरावने टाळी वाजवली. "अरे, अजून एक गेला. सोमवारचा? हा मंगळवारचा? ताई!"

ताई धावत आल्या. "शेवटची तारीख काय दिलीस?"

"शेवटची? ती नाही दिली."

"मग ते थांबेल कशाला? यावच्चंद्रदिवाकरौ जेवायला घालणार आहेस का सासऱ्यांना?"

स्क्रीनवर वर्षांमागून वर्षं पळत होती आणि प्रत्येक दिवसामागे एक निरोप सुटत होता. ताईंनी दुसऱ्या टेबलावरून झटापट करून नव्या नोंदी बंद पाडल्या. इकडे घाईरावने 'काढून टाका' वर बोट ठेवलं.

"नको, थांब!" ताई ओरडल्या, पण दाबून झालं होतं. नोंदी वेगवेगळ्या, म्हणून पुसली गेली एकच, सगळ्यांत वरची. आणि पाहुण्याला तत्परतेने निरोप गेला: 'रविवारचं जेवण रद्द.'

घाईरावने डोकं धरलं. नको त्या सगळ्या दिवसांचं आमंत्रण शाबूत, आणि हवा तोच रविवार गेला! त्याने सासऱ्यांना फोनवर फोन केले, ते उचलेनात. संपलं, आता बायको काही आपल्याला घरात घेत नाही, असं त्याने ताईंना सांगितलं. संध्याकाळी बायकोचाच फोन.

"अरे, बाबा आलेत!" ती आनंदाने अक्षरशः किंचाळत होती. "बॅग घेऊन आलेत! म्हणतात, जावयाने रोज बोलावलंय, या वयात रोज कोण जा-ये करणार? राहायलाच आलेत! काय रे जादू केलीस?"

घाईराव घरी पोचला तेव्हा सासरे कोचावर बसले होते आणि स्वयंपाकघरातून बायकोचं गाणं ऐकू येत होतं. तो समोर जाऊन उभा राहिला. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"बाबा, ते निरोप मी नाही, मशीनने..."

"हळू बोला!" सासऱ्यांनी दटावलं. "माझ्या शंभरीनंतरच्याही जेवणांचं आमंत्रण आलंय मला, जावईबापू. जन्मभर पोरांच्या चुका तपासल्या मी. एवढं कळत नाही होय?"

"मग आलात कसे?"

सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "तोंडातून शब्द निघून गेला होता हो माझ्या. दोन वर्षं वाट बघतोय, तुम्ही कधी बोलावताय म्हणून. चुकून का होईना, बोलावलंत. तिला सांगू नका, नाहीतर पुन्हा रुसावं लागेल मला."

घाईरावने वाकून नमस्कार केला आणि आयुष्यात प्रथमच, अजिबात घाई न करता, एकेक शब्द उच्चारत म्हणाला, "बाबा, रविवारी आमच्याकडे जेवायला याल का?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पाय वर घेऊन कोचावर ऐसपैस बसले.

"बघतो," ते म्हणाले. "जमलं तर कळवतो."